तोंडाला रंग

निबियाचं बरं चाललेलं नाही, हे दवाखान्याला निबियाच्या आधी कळलं.

मोंतेविदेओच्या ला तेहा वस्तीतल्या त्या सरकारी दवाखान्यात माइते नावाची एक तरुण मानसोपचारवाली नव्याने रुजू झाली होती. घरातली विसरत चाललेली माणसं जे सांभाळतात त्यांचं स्वास्थ्य सांभाळायचं, असा एक उपक्रम वरून आला आणि नवीन म्हणून तिच्या गळ्यात पडला. तिने निबियाला विचारलं, आतून कसं वाटतं? निबियाने आत डोकावून आल्यासारखा थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, ठीक. माइतेने तिला ताबडतोब उपक्रमात घेतलं. जे रडतात त्यांची फार काळजी नको, जे ठीक म्हणतात त्यांना आधी धरा, असं तिला विद्यापीठात शिकवलेलं होतं.

निबिया खोटं बोलली नव्हती. दात काढून घरी येताना ओठ जसा आपलाच असून आपला नसतो, तसं तिचं गेली काही वर्षं चाललं होतं. मावशीच्या दफनाच्या दिवशी सगळे रडत असताना, पेटीच्या कड्या पितळी आहेत की नुसता मुलामा आहे, याचा ती विचार करत उभी होती. मुलामा होता.

उपक्रमाची सुरुवात श्वासाने झाली. गुरुवारी दुपारी सगळ्यांनी चटयांवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. ज्यांना वर्षानुवर्षं सलग झोप नाही अशा माणसांना चटई दिल्यावर जे व्हायचं ते झालं. खोलीभर घोरण्याचा आवाज भरला. माइतेने वर कळवलं की सहभागींना उत्तम शिथिलता लाभली. दुसऱ्या गुरुवारी माणसं उशा घेऊन आली.

तिसऱ्या गुरुवारी एल्बियो उठून बसला. हा निवृत्त बसचालक. घरी बायको, जी त्याला रोज नव्याने बसमध्ये भेटल्यासारखं तिकीट मागायची. तो म्हणाला, "मॅडम, झोपायचंच असेल तर उभ्याने तरी झोपू. आपण मुर्गा काढू या."

मुर्गा म्हणजे कोंबडा नव्हे, जरी लांबून ऐकणाऱ्याला शंका येऊ शकते. कार्निवलच्या दिवसांत तोंडं रंगवून, चमचमते अंगरखे घालून, ढोल-ताशा-झांजांच्या साथीत गावभर मंचामंचांवर फिरायचं आणि वर्षभरात जे जे बिनसलं त्याची गाण्यातून टिंगल करायची, हा मोंतेविदेओचा जुना उद्योग. बिनसण्याचा पुरवठा इथे कधी कमी पडलेला नाही. एल्बियो तरुणपणी खर्जातल्या रांगेत गायचा. माइतेने वर विचारलं. चटया परत करता येतील असं वाचून वरच्यांनी होकार दिला, आणि तालमीच्या वेळात प्रत्येकाच्या घरी बसायला एक बाई पाठवायचंही कबूल केलं.

निबियाने नाव दिलं ते त्या बाईसाठी. गुरुवारची दुपार घराबाहेर काढायची, मग तिथे गायचं असो की विटा वाहायच्या असोत.

तिच्या घरी आई होती, दोन्या एलिदा, म्हणजे एलिदाबाई. शिवणकामावर दोन मुलं वाढवलेली, जिभेची तिखट, अजूनही ताठ बसणारी बाई. गेली दोन वर्षं ती निबियाला ओळखत नव्हती. सकाळी ती "तुम्ही कोण?" असं अदबीने विचारायची. दुपारी हाच प्रश्न जरा आवाज चढवून व्हायचा. संध्याकाळी दिवे लागले की मात्र तो प्रश्न उरायचा नाही, उत्तर मिळालेलं असायचं: ही चोर आहे, हिने घराच्या किल्ल्या पळवल्या आहेत, आणि हिच्या हातचं खाल्लं तर आपण सकाळी उठणार नाही. निबिया ताट ठेवून स्वयंपाकघरात उभी राहायची. उकडून घोटलेल्या भोपळ्याचं ते पुरे गार व्हायचं. ती ते परत गरम करायची. आधी या सगळ्याचं तिला वाईट वाटायचं. मग वाईट वाटणं आपोआप थांबलं, घड्याळ थांबतं तसं, आणि नेमकं कधी थांबलं तेही लक्षात आलं नाही.

भाऊ होता. दार्दो, वयाने धाकटा, दातांचा डॉक्टर, राहायला पैसेवाल्यांच्या पोसितोसमध्ये, जिथून ला तेहा नकाशावर फार लांब नसतं पण मनाने बरंच लांब पडतं. लोकांची तोंडं बधिर करण्यात त्याचा हातखंडा होता. दर रविवारी सकाळी तो बिस्कोचोंचा, साखर लावलेल्या गोड पावांचा, पुडा घेऊन यायचा, आई ताजीतवानी असायची, "दार्दो, बारीक झालास" म्हणायची, आणि तो तिचा हात हातात घेऊन निबियाकडे बघायचा. "मला तर ओळखते," असं तो दर रविवारी म्हणायचा. त्यात फुशारकी नव्हती. निबियाच्या पद्धतीत कुठेतरी काहीतरी चुकत असावं, एवढंच त्याला सुचवायचं असायचं.

तालीम बोचासच्या क्लबात व्हायची. समोर म्हातारे मातीत लाकडी चेंडू लोळवत बसायचे, मागे कॅन्टीनमध्ये चोरिसो सॉसेज भाजायचा वास. एल्बियोने सगळ्यांना रांगांत उभं केलं, "आत सरका, मागे जागा आहे" असं सवयीने ओरडला आणि एकेकाचा आवाज ऐकला. निबियाचा ऐकून त्याने तिला सगळ्यात वरच्या पट्टीच्या रांगेत टाकलं, जिथे गाणं आणि किंकाळी यांची हद्द लागते.

"नाकातून," तो म्हणाला. "पेपर विकणारा पोऱ्या ओरडतो तसं. आणि एक लक्षात ठेव. काही वाटून घ्यायचं नाही. मोजायचं आणि तोंड उघडायचं. ज्याला वाटायला लागतं तो बेसूर होतो."

कित्येक वर्षांत निबियाला कुणी इतकं सोयीचं काही सांगितलं नव्हतं. काही न वाटणं ही इथे पात्रता होती. ती मोजायची आणि तोंड उघडायची. आपल्यातून एवढा मोठा आवाज निघतो आणि त्याने कुणी घाबरत नाही, किल्ल्या मागत नाही, ही गोष्ट तिने नोंदवून ठेवली. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण दोन तास ती कुणाची मुलगी नव्हती आणि कुणाची चोरही नव्हती. वरच्या पट्टीतली डावीकडून तिसरी होती, आणि परत जाताना बसमध्ये तिला भूक लागलेली असायची. भूक ही जुनी ओळखीची बाई रस्त्यात भेटावी तशी वाटली.

मुर्गाला नाव हवं होतं. माइतेने "काळजीचे सूर" सुचवलं. सगळ्यांची तोंडं बघून तिने ते स्वतःच मागे घेतलं. मग एल्बियो म्हणाला, सगळ्यांनी घरी सर्वात जास्त ऐकलेलं वाक्य ठेवू या. त्यावर चर्चा झाली नाही. मुर्गाचं नाव "तुम्ही कोण?" ठरलं, आणि त्याच दुपारी पहिलं कडवंही झालं, सगळ्यांनी आपापल्या घरातून एकेक ओळ आणून:

तुम्ही कोण? मी तुझी लेक!
माझी लेक तर शाळेत आहे.
मग ही कोण, ही पिकलेली?
ही? ही रस्ता चुकली आहे.

शेवटची ओळ निबियाने एकटीने गायची होती. पहिल्यांदा गायली तेव्हा सगळे गंभीर राहिले. कॅन्टीनवाला मात्र खो-खो हसला, इतका की चोरिसो जळाला, आणि मग एल्बियो हसला, आणि मग ज्यांच्या घरी ही ओळ रोज घडत होती ते सगळेच पोट धरून हसले. माइतेने चष्मा पुसला. निबिया हसली नाही, कारण पुढची ओळ सातव्या ठेक्यावर होती.

जानेवारीत रंग आले. प्रत्येकाला एक छोटी डबी: पांढरा, लाल, काळा आणि चमकी. त्या गुरुवारी सगळ्यांनी एकमेकांची तोंडं रंगवून पाहिली. पुसायला गेले तर क्लबाच्या नळाला पाणी नव्हतं. बाकीच्यांनी पेपरने पुसापुशी केली. निबियाला उशीर झाला होता. घरी बसणारी बाई वेळेवर निघून जायची, आणि त्या बाबतीत तिने कधी खाडा केला नव्हता. निबिया तशीच बसमध्ये चढली. चालकाने तिच्याकडे पाहून भोंगा ताशासारखा वाजवला.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. म्हणजे चोराची वेळ. आई टेबलाशी एकटी बसली होती, समोर झाकलेलं ताट. निबिया दारातच थांबली, दोन्ही हात दिसतील असे धरून.

"दार लाव, डास येतात," आई म्हणाली. "कुठल्या मंचावरून आलास?"

"आलास" मध्ये आपण मावतो का, ते निबियाला आधी पाहावं लागलं. आईच्या काळी मुर्गात फक्त पुरुष असायचे.

"क्लबावरून," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आलो."

"बस. तुम्हा लोकांना गाडीतून उतरवतात नि गाडीत चढवतात. जेवायला कोण घालतं?" आईने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. निबियाने दुसरं ताट आणलं आणि मिलानेसाचे, त्या तळलेल्या मांसाच्या कापाचे, दोन भाग केले. आईने काटा उचलला, कारण पाहुण्याला एकट्याला जेवू घालायची या घरात रीत नव्हती. ती भोपळ्यासकट सगळं जेवली.

निबियाने मग एक मूर्खपणा केला. तिने विचारलं, "मला ओळखलं नाहीत का?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती की याच्या आईने याला काही शिकवलेलं दिसत नाही.

"रंगवलेल्या तोंडाला ओळखायचं नसतं, पोरा," ती म्हणाली. "ओळखलं तर रंग वाया."

त्या रात्री निबियाने तोंड धुताना याचा विचार केला. साधं तोंड घेऊन समोर गेलं की आईला ते ओळखता यायला हवं, असं आईलाच कुठेतरी कळत असणार; ते येत नाही म्हणून ती घाबरायची आणि घाबरली की पोलीस बोलवायची. रंगवलेल्या तोंडाची काही परीक्षा नव्हती. ते सगळ्या जगालाच अनोळखी होतं. हे सगळं निबियाला नीट समजलं. समजून वाटलं काहीच नाही, पण ताट रिकामं होतं.

मग ती रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आरशासमोर बसू लागली. आधी पांढरा, मग डोळ्याखाली लाल, मग काळी रेघ. मुर्गावाला यायचा, जेवायचा, आईला जेवायला लावायचा, गोळ्या "मंचावर आवाज टिकावा म्हणून" दोघं मिळून घ्यायचे. आई खुलली. ती त्याच्याशी गप्पा मारायची, आणि त्या गप्पांत एकदा तिची मुलगी निघाली.

"मला एक मुलगी आहे," आई म्हणाली. "वकिलाच्या कचेरीत आहे. येत नाही हल्ली." ती कचेरी निबियाने आईपायी केव्हाच सोडली होती.

"कशी आहे?"

"चांगली आहे." आईने पावाने ताट पुसलं. "चांगल्या माणसांचा कंटाळा येतो. तू जेवतोस ते तिला सांगू नको हं. ती हिशोब विचारील."

"नाही सांगणार," मुर्गावाला म्हणाला.

महिन्याभरात डबी तळाला लागली. आणि आणखी एक गोष्ट झाली. गुरुवारी क्लबात रंग लावताना निबियाला भोपळ्याचा वास यायला लागला. वास रंगाला नव्हता, तिच्या डोक्यात होता. ब्रश गालाला लागला की हात आपोआप ताट शोधायचा. दोन तास जी कुणाचीच नव्हती ती आता तिथेही कामावर होती. ती उशिरा तोंड उघडू लागली, आणि परतीच्या बसमध्ये भूक लागेनाशी झाली.

माइतेला कळलं तेव्हा ती हरखली. कला हेच काळजीचं साधन, असं काहीसं ती बोलली. तिला हे एका परिषदेत मांडायचं होतं, निबियाचा रंगवलेला फोटो लावून. निबियाने, फारसा आवाज न चढवता, सांगितलं, "मॅडम, गुरुवार माझा होता."

माइतेला आधी ते कळलं नाही. अजूनही गुरुवार आहेच की, ती म्हणाली. निबियाने वाद घातला नाही.

एल्बियोला कळलं. तो बसचालक होता. फुकट्या प्रवासी त्याला मागच्या दारातूनही दिसायचा. तालीम संपल्यावर त्याने तिच्या हातात एका तोंडापुरती चिमुकली नवी डबी ठेवली, झाकणावर चिकटपट्टी तशीच. "ही मंचासाठी," तो म्हणाला. "भोपळ्यासाठी नाही. कार्निवलच्या दिवशी आमच्यासमोर उघडायची. तोपर्यंत घरी काय लावायचं ते लाव. पीठ लाव."

तिने पीठ लावलं. आईला चाललं, पण तिने पोराला आजारी आहेस का विचारलं.

त्यांचा कार्यक्रम क्लबाच्याच आवारात होता, खऱ्या मुर्गांच्या आधी, उजेड असताना, जेव्हा प्रेक्षक अजून खुर्च्यांसाठी भांडत असतात. निबियाने घरी बसणारी बाई मागितली. वरून उत्तर आलं की बाई तालमीसाठी मंजूर आहे, कारण तालीम हे स्वास्थ्य आहे. कार्यक्रम ही संस्कृती आहे आणि तिचं खातं वेगळं आहे. त्या खात्याकडे बाई नव्हती, एक फलक होता.

मग तिने दार्दोला फोन केला. त्याला रविवार सोडून दुसऱ्या वारी आई असते याची थोडी गंमत वाटली असावी. येतो म्हणाला. पीठबीठ ऐकून हसला. "मला नको गं असलं काही. मला ओळखते ती."

तो इस्त्रीचा शर्ट घालून, बिस्कोचोंचा पुडा घेऊन आला. ऊन उतरलं होतं. निबियाने ठरवलं होतं की आज घरात मुर्गावाला येणार नाही, तो क्लबात येईल. अंगरखा पिशवीत, डबी पिशवीत, तोंड साधं. तिने फक्त निघते म्हणायला आत डोकावलं, आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला. तीच चूक.

"ही बघा," आई उठून उभी राहिली. "ही आली परत. किल्ल्या कुठे आहेत?"

दार्दो पुढे झाला. त्याने खुर्चीतल्या पेशंटशी बोलतो तो आवाज काढला. "आई, मी आहे. दार्दो."

आईने त्याला पायापासून वर पाहिलं. शर्ट पाहिला. पुडा पाहिला.

"आणि हा हिचा साथीदार," ती म्हणाली.

तो हसला, कारण हे विनोदात बसेल असं त्याला वाटलं. त्याने परत नाव सांगितलं. आईने पुडा हिसकून भिंतीवर मारला. मग ती खिडकीशी जाऊन शेजाऱ्यांना हाका मारू लागली. शेजाऱ्यांनी नेहमीसारखा रेडिओ मोठा केला. दार्दो व्हरांड्यात आला आणि तिथल्या स्टुलावर बसला. शर्टाला साखर लागली होती. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी त्याला न विचारता सुई टोचली आहे.

निबियाने त्याच्याकडे पाहिलं. कीव यायला हवी होती, किंवा आता कळलं ना, असं तरी वाटायला हवं होतं. जे वाटलं ते एवढंच: लांब रांगेत खूप वेळ आपणच शेवटचे असावं आणि मागे कुणीतरी येऊन उभं राहावं.

"रोज असं?" त्याने विचारलं.

"दिवे लागले की."

क्लबाकडून ताशाचे पहिले फटके ऐकू आले. कुणीतरी हात मोकळा करत होतं. आत आई पोलिसांना पत्ता सांगत होती, आणि तो बरोबर सांगत होती.

पीठ संपलेलं होतं. निबियाने पिशवीतून डबी काढली आणि चिकटपट्टी सोडवली.

"हे काय?" दार्दो म्हणाला.

"मान वर कर. हलू नकोस. दुखणार नाही."

हे त्याचंच वाक्य होतं; दिवसातून कितीदा म्हणत असेल. त्याने मान वर केली. भावाच्या तोंडाला हात लावून तिला कित्येक वर्षं झाली होती. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, ते पांढऱ्यात झाकले गेले. डोळ्याखालचा लाल एका बाजूला सारखा पुसला जात होता, कारण तिथे ओल होती; तिने तो दोनदा लावला. तोंड मोठं होतं आणि हात घाईत होता. काळी रेघ ओढून झाली तेव्हा डबीत चमकी उरली होती, ती तिने त्याच्या कपाळाला फासली. डबी रिकामी झाली.

"आता आत जा," ती म्हणाली. "मंचावरून आलोय म्हण. भूक लागली म्हण. ती जेवायला लागली की तू पण जेव. तू कोण ते अजिबात सांगू नकोस."

तो आत गेला. निबिया दाराबाहेर ऐकत उभी राहिली. आईचं ओरडणं थांबलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बस पोरा," आई म्हणाली. "उशीर केलास आज. आणि सुटलास किती."

निबिया क्लबाकडे पळाली नाही. त्या वयात ती पळत नसे. पण भरभर चालली, आणि पोचली तेव्हा सगळे रंगलेले, अंगरखे घालून मंचाच्या पायऱ्यांवर उभे होते. ढोलवाला आधीच वर गेला होता. एल्बियोने तिच्या साध्या तोंडाकडे पाहिलं.

"डबी?"

"भावाच्या तोंडावर."

एल्बियोने मान हलवली. दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. "आत सरका," तो म्हणाला, "मागे जागा आहे," आणि तिला तिच्या जागी, डावीकडून तिसरी, ढकललं.

रंगलेल्या तोंडांच्या रांगेत एकच साधं तोंड होतं. साठीकडे झुकलेल्या, केस न विंचरलेल्या बाईचं. चुकून प्रेक्षकांतून वर चढलेली कुणीतरी, असंच पुढच्या रांगांना वाटलं. क्लबाचा एक माणूस तिला खाली उतरवायलाही निघाला होता. तेवढ्यात कडवं आलं. रांगेने विचारलं, मग ही कोण, ही पिकलेली? निबियाने मोजलं आणि तोंड उघडलं.

ही? ही रस्ता चुकली आहे.

लोक इतके हसले की ठेका चुकला. ते संपूर्ण वेळ हसत राहिले. एक जाडी बाई खुर्चीसकट मागे कलली. निबियाला त्यांचं हसणं अंगावर आल्यासारखं झालं, गार वाऱ्यासारखं, आणि वरच्या ओठाला किंचित खाज सुटली. तिने हात वर नेला नाही. पुढची ओळ सातव्या ठेक्यावर होती.

शेवटी रीतीप्रमाणे मुर्गा मंचावरून उतरून, गातगात लोकांतून बाहेर पडला. लोक रंगलेल्या गालांना गाल लावून आपल्या गालांवर रंग घेत होते. निबियाच्या वाटेला कुणी आलं नाही. ती जाडी बाई तेवढी आली.

"तुम्हाला नाही का हो रंगवलं?"

"घरी संपला," निबिया म्हणाली.

कार्यक्रम झाला होता. आता घरी जायचं, असं तिचे पाय म्हणत होते. पिशवी खांद्याला लागलीही होती. एल्बियो कॅन्टीनपाशी पावात चोरिसो घालून घेत होता. त्याने तिला काही विचारलं नाही, एक जास्त सांगितला. निबिया बाकावर बसली. समोर म्हाताऱ्यांनी कार्निवलकडे पाठ करून आपले लाकडी चेंडू परत लोळवायला घेतले होते. तिने पहिला घास घेतला, आणि पिशवीत फोन वाजला.

दार्दो कुजबुजत होता. मागे काटे-चमच्यांचा आवाज येत होता.

"जेवली," तो म्हणाला. "सगळं जेवली. पण आता गा म्हणते. मुर्गावाला आहेस तर गा म्हणते, नाहीतर तू चोर. मला काही येत नाही, निबिया. तू येतेस का?"

निबियाने घास गिळला.

"नाकातून गा," ती म्हणाली. "आणि काही वाटून घेऊ नकोस. वाटलं की बेसूर होतं."

"अगं, पण काय गाऊ?"

"ती जे विचारील तेच गा."

तिने फोन पिशवीत टाकला, पिशवी बाकाखाली सरकवली आणि दुसरा घास घेतला. चोरिसोला मीठ जास्त होतं. ते तिला कळलं.